सत्कार कोणाचा करायचा? पाच नावं हवीत, चार सापडलीत

तापीकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तीन रात्री डोक्यातून जात नाहीये.

रावेर तालुक्यातल्या आमच्या शाळेची १९९१ची दहावीची बॅच अखाजीनंतरच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या) रविवारी जमतेय. ग्रुपवर ऐंशी जण, त्यात बोलणारे नऊ, बाकीचे सकाळी फुलं पाठवणारे. कार्यक्रमात आधी गुरुजनांचा सत्कार (चारच सर राहिलेत) आणि मग 'यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा'. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, पाच नग. नावं ठरवायला तिघांची कमिटी, त्यात मी.

चहा संपायच्या आत चार नावं झाली. एक अमेरिकेत आहे. एक पुण्यात डॉक्टर. एक मंत्रालयात, नक्की काय करतो कोणालाच माहीत नाही, पण मंत्रालयात. एक प्लॉट पाडून विकतो आणि मांडवाचा खर्च त्याचाच आहे, त्यामुळे चर्चा झाली नाही. पाचव्याला मी आमच्या वाइंडिंगवाल्याचं नाव घेतलं आणि बाकीचे दोघं हसले. वाईट अर्थानं नाही, पण हसले.

हा गडी दहावीला गणितात गचकला, ऑक्टोबरला सुटला. स्टँडजवळ दहा बाय बाराचं दुकान, मोटारी भरून देतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. तेव्हा विहिरीतली मोटार जळाली आणि चार दिवस पाणी बंद पडलं, तर निसवलेली (घड बाहेर पडलेली) केळीची बाग मान टाकते आणि वर्षभराचं पीक डोळ्यांदेखत जातं. हा रात्री अकराला दुकान उघडतो. कॉइल उतरवून, नवी तार भरून, वार्निश सुकून मोटार तयार होईपर्यंत स्वतःकडची जुनी मोटार वापरायला देतो. पस्तीस वर्षं हेच चाललंय. त्याच्यामुळे वाचलेल्या बागा मोजायला तलाठी लागेल.

तर हा यशस्वी की नाही? असेल तर बाकीच्या दोघांना कसं पटवू?

शेव_कमी_रस्सा_जास्त
पाचवा सत्कार आचाऱ्याचा करा. धागा संपला, जेवायला चला.

बोरीकाठ
मी अमळनेरचा. आमच्या गावात 'यश' हा शब्द काढला की पुढचा शब्द 'शेअर'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आज जगभर कॉम्प्युटरवाली म्हणून ओळखतात ती विप्रो १९४५ साली आमच्याकडे वनस्पती तुपाची गिरणी म्हणून सुरू झाली. शेंगदाणा भरपूर पिकायचा, म्हणून इथे. वर्षभरात शेअर निघाले आणि गावातल्या कित्येकांनी घेतले, कोणी ओळखीखातर, कोणी भीडेखातर. माझ्या आजोबांनीही घेतले. १९७४ला आत्याचं लग्न ठरलं, तेव्हा विकून टाकले. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याचे कागद पेटीच्या तळाशी विसरून राहिले. पुढे बोनसवर बोनस आले. त्याच्या नातवांनी बंगले बांधले, आम्ही अजून वाड्यातच, आणि पावसाळ्यात आमच्याकडे सात ठिकाणी पातेली लागतात.

गावाच्या हिशेबात तो म्हातारा दूरदृष्टीचा आणि आमचे आजोबा घाईचे. खरं म्हणजे तो विसराळू होता, एवढंच.

पुण्यात_खान्देशी
@बोरीकाठ, आजोबांना कधी पश्चात्ताप झाला?

बोरीकाठ
त्यांना नाही झाला. वडिलांना झाला, दर दिवाळीला, मोठ्या आवाजात. आत्या मात्र ऐकून घेत नाही. म्हणते, "साऱ्या खान्देशात माझ्याएवढी महागाची नवरी दाखवा." ती आता ब्याहत्तर वर्षांची आहे, लग्न चांगलं टिकलं. त्या दिवशी आजोबांकडे दोन गोष्टी होत्या, कागद आणि मुलगी. त्यांनी मुलीकडे पाहिलं. १९७४ साली त्या कागदाचं पुढे काय होणार हे कोणाला दिसत होतं?

मुक्ताईनगरकर
यशाचा धागा आणि चांगदेव अजून कसे आले नाहीत? तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, हतनूर धरणाचं पाणी तिथवर येतं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट: योगाच्या बळावर चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले. आधी पत्र लिहायला बसले, पण मायना अडला. वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, की ज्ञानानं मोठे म्हणून 'तीर्थरूप'? शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या पाठवल्या आणि त्या म्हाताऱ्यानं पुढे या पोरीलाच गुरू केलं. ती स्वतः विशीच्या आतच आमच्या तापीकाठी गेली, मेहूणला.

मला त्या मायन्याचं फार वाटतं. समोरचा आपल्याहून मोठा की लहान हेच ठरवत बसलेला माणूस. तुमची कमिटी आज तेच करतेय.

पीलबाग
मुक्ताईनगरकर भाऊ, चांगदेव कोरा राहिला म्हणून तुम्ही हसता. आमचा सातबारा कोरा झाला तर आम्ही गावभर पेढे वाटू.

शेव_कमी_रस्सा_जास्त
ताई 🙏 हा प्रतिसाद फ्रेम करून सोसायटीत लावा.

पीलबाग
हसण्यावारी नका नेऊ. माझे मालक गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा चार एकर केळी, दोन लहान लेकरं आणि सोसायटीचं कर्ज माझ्या वाट्याला आलं. दुसऱ्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. घड भरलेली बाग, पंधरा दिवसांत कापणी होती. वादळ वीस मिनिटं झालं असेल. सकाळी बघते तर बाग नाहीच, नुसती आडवी पडलेली खोडं आणि पलीकडचं गाव दिसतंय. आमच्या बांधावरून पलीकडचं गाव दिसतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पंचनामा झाला, विम्याचे पैसे आले, पुरले नाहीत. पुन्हा कंद लावले. चार वर्षांनी बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला हातात आला, तो मी लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावलाय. धागाकर्त्याला एवढंच सांगते, तुमच्या वाइंडिंगवाल्यासारख्याच एकानं मला दोन हंगाम उधारीवर मोटार भरून दिली होती. त्याचा सत्कार कुठल्याच बॅचनं केला नाही. तो तर शाळेतच गेला नव्हता.

रिटायर्ड_ड्रायव्हर_भुसावळ
रेल्वेतलं यश वेगळं असतं, सांगतो. सदतीस वर्षं नोकरी, आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल. भुसावळ ते इगतपुरी, भुसावळ ते बडनेरा, कधी खंडव्याकडे. एकही लाल सिग्नल ओलांडला नाही. म्हणजे माझ्या कामगिरीचा सारांश असा की काहीच झालं नाही. काहीच न झाल्याची बातमी कोण छापणार? निवृत्तीच्या दिवशी हार घातला, फोटो काढला, घरी पोचवलं, बस.

याची किंमत कोणी भरली तेही लिहितो. मोबाइल यायच्या आधी ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दारात यायचा. मुलगी पाच वर्षांची असताना त्याला बघून कडी लावून घ्यायची. तिच्या दहा वाढदिवसांपैकी तीन मी घरी होतो. मागच्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला सकाळपासून जाऊन बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, कार्यक्रम संध्याकाळी आहे." म्हटलं, असू दे.

सालदाराचा_नातू
सगळे छान लिहिताय, पण मला यातलं थोडं खटकतंय.

माझे आजोबा सालदार. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे शेतमजुराचं वर्ष अखाजीला सुरू होतं आणि अखाजीला संपतं. त्या दिवशी मालकाशी बोली होते, साल ठरतं, उचल मिळते. ती उचल फिटली नाही की पुढचं साल त्याच दारात. लोक माहेरी आलेल्या लेकींना झोक्यावर बघतात, आंबरस खातात, आणि आमच्या घरात त्या दिवशी कोणी बोलायचं नाही. आजोबांनी एकोणतीस साल धरले. वडिलांनी सात. आठव्या अखाजीला वडील सकाळी उठले, आंघोळ केली आणि कुठेच गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. आई सांगते, ते दुपारपर्यंत तसेच बसले होते, कारण त्या दिवशी काय करायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

आमच्या घरात यश म्हणजे तो ओटा. त्यामुळे कोणी 'साधा माणूसच खरा यशस्वी' असं लिहिलं की मला राग येतो. गरिबीचं कौतुक ज्याच्या पोटाला चिमटा नाही त्यालाच सुचतं. वाइंडिंगवाल्याला विचारलंत का, त्याला दहा बाय बाराचं दुकान हवं होतं, की दुसरं मिळालं नाही?

तापीकाठ (धागाकर्ता)
@सालदाराचा_नातू, विचारलं नाही. खरंच नाही विचारलं. विचारतो.

नंदुरबारचा_मास्तर
मुक्ताईनगरकरांनी चौदाशे वर्षं सांगितली, मी पंधरा सांगतो. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, शिरीषकुमार आणि त्याच्यासोबत आणखी चार पोरं गेली. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या बॅचच्या वर्गातला. दर ९ सप्टेंबरला मी आठवीच्या मुलांना स्मारकाकडे नेतो. एकदा एकानं विचारलं, "सर, त्याला काय व्हायचं होतं?" मला सांगता आलं नाही. बाकी सगळं पाठ होतं, सनावळी, चौक, घोषणा. हे मात्र कधी सुचलंच नव्हतं.

ह्यूस्टनवाला
मी तुमच्या पहिल्या नावासारखाच, अमेरिकेतला (तुमच्या बॅचचा नाही!). हार्वर्डमध्ये १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे, ७२४ माणसांची अख्खी आयुष्यं त्यांनी तपासली. निष्कर्ष असा की पैसा, प्रसिद्धी यांपेक्षा जवळची नाती चांगली असलेली माणसं जास्त सुखी आणि निरोगी राहिली. हा मुद्दा कमिटीपुढे मांडा, शास्त्रीय आधार होईल.

पीलबाग
ती सातशे चोवीस माणसं म्हणजे सगळे पुरुषच ना?

ह्यूस्टनवाला
हो, सुरुवातीला पुरुषच होते. बायका आणि मुलं बऱ्याच नंतर आली.

पीलबाग
मग बरोबर. नाती सांभाळणाऱ्यांना सोडून ज्यांची सांभाळली गेली त्यांनाच विचारलं.

माहेरवाशीण_धरणगाव
😂😂 ताई, तुमच्या बांधावर चहाला येते.

हाच हिशेब आमच्या कानबाईचा, खान्देशातल्या घरोघरच्या देवीचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, मुंबई-सुरतेचे सगळे भाऊबंद गावी येतात. रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, घरातल्या माणसांच्या नावानं मुठीमुठीनं गहू घेतात. आमचे काका दर वर्षी छाती फुगवून सांगायचे, "यंदा सत्तावीस मुठी!" त्यांच्या लेखी तेच यश. मी आठवीत असताना विचारलं, माझी मूठ कुठे? तर म्हणे, मुठी पुरुषांच्या नावाच्या. दळणार कोण, तर आम्ही. आता काकांना दोन नाती आहेत, नातू नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच गुपचूप दोन मुठी जास्त टाकल्या. कोणी बोललं नाही, मीही नाही.

चोपडेकर_अविवाहित
एवढं तत्त्वज्ञान चाललंय तर माझंही ऐका. वय तेहतीस, बारा एकर बागायत, ठिबक, स्वतःचा ट्रॅक्टर, निर्व्यसनी. एकोणीस मुली पाहिल्या. पाहिल्या म्हणजे बायोडाटा पाठवले, पुढे काही नाही. माझ्या चुलतभावाला पुण्यात बावीस हजार पगार, भाड्याच्या खोलीत चौघं, त्याचं लग्न दोन महिन्यांत जमलं. यशाची व्याख्या मुलीच्या बापाला विचारा, तो एका शब्दात सांगेल: नोकरी.

माहेरवाशीण_धरणगाव
चोपडेकर, माझ्या मुलीसाठी मीही नोकरीच बघतेय, उगाच खोटं नको. बागायतीला नाही म्हणत नाहीये. पहाटे चारला लाइट आली की मोटार चालू करायला कोण उठणार, मजूर आले नाहीत तर शेतात कोण जाणार आणि सासूच्या दुखण्याला कोण, याला नाही म्हणतेय. बायोडाट्यात बारा एकर लिहिता, तसं 'भांडी मी घासतो' लिहून बघा.

चोपडेकर_अविवाहित
लिहितो. विसावा बायोडाटा आहे, जातंय काय.

अहिरानी_भो (धुळे)
भो, आमनी गोट सोपी शे. पोटले भाकर, डोकावर सावली, आनि मरावर खांदा देवाले चार मानसं. मंग झायं. बाकी बठा बँडबाजा.

आता पुढचं प्रमाण मराठीत, म्हणजे ह्यूस्टनलाही कळेल. 😀 धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या पुड्यांतून मराठ्यांची कागदपत्रं गोळा केली, त्यांचे बावीस खंड छापले. तरुणपणी बायको गेली, पुन्हा लग्न केलं नाही. संसार नाही, इस्टेट नाही, भांडणं भरपूर. १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. तुमच्या बॅचला असते तर सत्काराला नाव निघालं असतं? मला वाटतं त्यांना बोलावणंच गेलं नसतं, कारण वर्गणीवरून सगळ्यांशी वाजलं असतं.

पुण्यात_खान्देशी
पण अहिरानीभो, खांदा द्यायला चार माणसं हे तरी कुठे आपल्या हातात असतं? कोविडमध्ये माझ्या मामांना खांदा द्यायला आम्ही कोणीच नव्हतो, आम्हाला जाऊच दिलं नाही. आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मयताला सगळ्यात आधी हजर असणारा माणूस. त्या एका दिवसावरून त्यांच्या आयुष्याचं गणित मांडायचं का?

अहिरानी_भो (धुळे)
नही भो. तुन्ही गोट खरी शे. मी उगाच लिखं.

तापीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, ताजी खबर. बरंच काही झालंय.

एक. कोणीतरी हा धागा प्लॉटवाल्याला पाठवला. (कोणी पाठवला ते मला माहीत आहे.) त्याचा फोन, पाऊण तास. मला वाटलं मांडव गेला. तो म्हणाला, "मांडवासाठी माझं नाव घेतलं हे मलाही कळतं, मी काही खुळा नाही. पण तू लिहिलंस ते वाचून आईला वाईट वाटलं." त्यानं पाडलेला पहिला प्लॉट त्याच्या बापाच्याच शेतात होता. दवाखान्याचं बिल भरायचं होतं. तिथली विहीर त्यानं बुजवली नाही, जाळी टाकून ठेवलीय. हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि मी ज्या सुरात लिहिलं तो सूर चुकला. त्याची माफी मागितली, इथेही मागतो.

दोन. वाइंडिंगवाल्याकडे गेलो. सालदाराच्या नातवाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पाना खाली न ठेवता म्हणाला, "दुसरं दुकान जळगावला घ्यायचं होतं. २००३ला. जामीन मिळाला नाही." बस, एवढंच. मग म्हणाला, रविवारी जमणार नाही, अखाजीनंतर त्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि मे महिन्यात शाल घेऊन काय करू? पण शाळेच्या बोअरची मोटार बंद आहे असं त्याच्या कानावर आलंय, दीडशे माणसं जेवायची तर पाणी कुठून आणणार? शनिवारी सकाळी काढून आणायला सांगितलीय. "बिल लागेल," म्हणाला, "बॅचचं काम आहे म्हणून फुकट नाही. कमिटीला आधीच सांगून ठेव."

सालदाराचा_नातू
हे आवडलं. बिल वेळेवर द्या.

बोरीकाठ
जामीन कोणी दिला नाही? तुमच्या त्या चौघांपैकी कोणाला विचारलं होतं का त्यानं?

तापीकाठ (धागाकर्ता)
मला विचारलं होतं.

रिटायर्ड_ड्रायव्हर_भुसावळ
...

मुक्ताईनगरकर
बरं. सत्काराचं काय ठरलं?

तापीकाठ (धागाकर्ता)
माजी विद्यार्थ्यांचा सत्कार रद्द. फक्त चार सरांचा. मंत्रालयवाला ग्रुप सोडून गेला, डॉक्टर 'हुश्श' म्हणाला, अमेरिकावाल्यानं विचारलं की मग तिकीट रद्द करू का. पाच शाली आधीच आल्यात, दुकानदार परत घेत नाहीये.

आता खरा प्रश्न. आमचा आचारी लग्नांच्या तारखांत अडकला. दीडशे माणसांची वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी करणारा कोणी आहे का, रावेर-सावदा-फैजपूर भागात?

शेव_कमी_रस्सा_जास्त
पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, आचाऱ्याचा सत्कार करा. ऐकलं नाही.

माहेरवाशीण_धरणगाव
बट्टी तळलेली की गोवरीवर भाजलेली? आधी ते ठरवा.

अहिरानी_भो (धुळे)
उकडीसन तळेल. दुसरी कोनती ऱ्हास?

पीलबाग
भाजलेलीच. तळलेली दीडशे जणांना घालाल तर दुपारची भाषणं ऐकायला कोणी जागं राहणार नाही.

शेव_कमी_रस्सा_जास्त
मग तळलेलीच करा.

पीलबाग
तापीकाठ भाऊ, सावद्याजवळ एक मावशी आहेत, सहा बायकांचा गट आहे त्यांचा. नंबर व्यनि केलाय. तूप तुमचं, गोवऱ्या त्यांच्या. आणि आगाऊ पैसे मागतील, ते द्या.